आधी छत्री, मग ट्यूनर, शेवटी सॉफ्टवेअर

करोनामुळे शाळा बंद असताना, २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांचे धडे टीव्हीवरून घरात येऊ लागले. भंडारा जिल्ह्यात जुलै म्हणजे धानाच्या रोवणीचा महिना. मोठी माणसे बांधीत, आभाळ भरलेले आणि विजेचा भरवसा नाही. ठरलेल्या वेळी टीव्ही लागला नाही, की त्या दिवसाचा धडा हातचा जायचा. चांगला मोबाइल आणि पुरेसे इंटरनेट असलेल्या घरांना दुसरा मार्ग शोधता येत होता. ज्या घरात छतावरची छत्री हाच एकमेव मार्ग होता, तिथे प्रक्षेपणाची वेळ चुकली की सगळेच चुकले.

हे टाळण्याचा उपाय अनेक घरांत धूळ खात पडलेला असतो, तो म्हणजे जुना संगणक. त्याला योग्य ट्यूनर आणि सॉफ्टवेअर जोडले, तर तो ठरल्या वेळी कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड करतो आणि सवडीने दाखवतो. मुलांचे धडे, धानावरील किडीविषयीचा कृषी कार्यक्रम, झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचा एखादा माहितीपट, असे पुन्हा लागेल की नाही याची खात्री नसलेले बरेच काही त्यातून जपून ठेवता येते. मात्र ‘सगळ्यात चांगले सॉफ्टवेअर कोणते?’ या प्रश्नापासून सुरुवात केली की खरेदी हमखास चुकते. सुरुवात छतापासून करावी लागते.

छतावर काय आहे?

वीस वर्षांपूर्वी ही गोष्ट सोपी होती. संगणकात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवायचे, केबलवाल्याची वायर त्यात खुपसायची आणि रेकॉर्डिंग सुरू करायचे. तेव्हाचे केबल सिग्नल अ‍ॅनालॉग आणि बहुतांशी उघडे होते. २०११ मध्ये केबल टीव्हीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि टप्प्याटप्प्याने डिजिटल प्रक्षेपण सक्तीचे झाले. २०१२ मध्ये महानगरे, २०१३ मध्ये नागपूरसह ३८ शहरे आणि त्यानंतर २०१७ पर्यंत उरलेली शहरे व ग्रामीण भाग असा हा प्रवास झाला. आता केबलचे आणि पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचे सिग्नल सांकेतिक कुलपात येतात. ते कुलूप कंपनीच्या सेट टॉप बॉक्समधल्या किल्लीनेच उघडते. त्यामुळे माळ्यावरचे जुने ट्यूनर कार्ड आज उपयोगाचे नाही. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचची वायर नव्या ट्यूनरला जोडूनही पडद्यावर काही उमटत नाही.

यातून वाट काढते ती दूरदर्शनची मोफत सेवा. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली आणि आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. तिला मासिक वर्गणी नाही आणि तिच्यावरील खुल्या वाहिन्या कोणताही योग्य ट्यूनर पकडू शकतो. ही सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला. भंडारा शहराच्या अक्षांश-रेखांशावरून गणित केले, तर हा उपग्रह दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधल्या दिशेला, आग्नेयेकडे झुकलेला आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. म्हणजे छत्रीची नजर बरीच वर असते. अंगणातले झाड किंवा शेजारचे घर फार उंच नसेल, तर अडथळा होत नाही.

ज्या घरात अशी छत्री आहे, त्या घराला संगणकावर रेकॉर्डिंग करणे सर्वांत सोपे. ज्यांच्याकडे फक्त पैसे भरून घेतलेली जोडणी आहे, त्यांनी संगणकाच्या मागे लागण्याऐवजी त्याच कंपनीचा रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स पाहावा. त्यावरचे रेकॉर्डिंग साधारणपणे त्याच बॉक्सवर चालते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आकाशातून फाइलपर्यंत

उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची कंपनसंख्या सुमारे ११ गिगाहर्ट्झ असते. एवढ्या वेगवान लहरी साध्या वायरीतून नेता येत नाहीत. म्हणून छत्रीच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी त्यांची कंपनसंख्या उतरवतो आणि मग त्या वायरीने घरात येतात. एलएनबीला लागणारी वीजही त्याच वायरीतून, ट्यूनरकडून, उलट दिशेने जाते. म्हणूनच यूएसबी ट्यूनर घेताना त्याला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर आहे का, ते पाहावे. संगणकाच्या यूएसबीतून येणारी वीज एलएनबीला पुरत नाही.

ट्यूनर डीव्हीबी-एस२ प्रकारचा असावा. फ्री डिशवर जुन्या एमपीईजी-२ आणि नव्या एमपीईजी-४ अशा दोन्ही पद्धतींच्या वाहिन्या आहेत. डीव्हीबी-एस२ ट्यूनर जुने आणि नवे, दोन्ही प्रकारचे प्रक्षेपण पकडतो. फक्त डीव्हीबी-एस लिहिलेला ट्यूनर स्वस्तात मिळाला, तरी त्यावर वाहिन्या कमी दिसतील.

आणखी एक गोष्ट खरेदीआधी कळली तर पैसे वाचतात. उपग्रहावर वाहिन्यांचे गठ्ठे असतात. एका कंपनसंख्येवर अनेक वाहिन्या एकत्र बांधलेल्या येतात. एक ट्यूनर एका वेळी एकच गठ्ठा पकडतो, पण त्या गठ्ठ्यातल्या दोन-तीन वाहिन्या तो एकाच वेळी रेकॉर्ड करू शकतो, अर्थात सॉफ्टवेअरला ते जमत असेल तर. दोन वेगळ्या गठ्ठ्यांतल्या वाहिन्या एकाच वेळी हव्या असतील, तर दोन ट्यूनर लागतात. घरचा टीव्ही त्याच छत्रीवर स्वतंत्र चालू ठेवायचा असेल, तर दोन तोंडांचा एलएनबी बसवणे उत्तम.

या सगळ्या वाटेवर चित्र आणि आवाज छोट्या पुडक्यांच्या प्रवाहात वाहत असतात. प्रत्येक पुडके १८८ बाइटचे आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला ठरलेली एकच खूण. या प्रवाहाला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम म्हणतात. चांगले सॉफ्टवेअर हा प्रवाह न बदलता जसाच्या तसा डिस्कवर उतरवते. ती फाइल ‘टीएस’ या शेपटीने ओळखली जाते. सॉफ्टवेअर निवडताना सर्वांत आधी पाहायची गोष्ट हीच आहे.

मध्येच वीज गेली तर

उन्हाळ्यात आणि पावसाळी वादळात वीज जाणे जिल्ह्यातल्या कोणालाही नवे नाही. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली, तर फाइलचे काय होते, हे तिच्या बांधणीवर ठरते.

टीएस फाइलमधले प्रत्येक पुडके आपली ओळख सोबत घेऊन येते. त्यामुळे फाइल मध्येच तुटली, तरी तोपर्यंतचा भाग नीट दिसतो. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात विसाव्या मिनिटाला वीज गेली, तर जवळपास वीस मिनिटे हाती राहतात. एमपी४ फाइलचे तसे नाही. साध्या एमपी४ मध्ये कोणते चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपल्यावर, शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधीच वीज गेली, तर फाइल भली मोठी दिसते, पण उघडत नाही. काही सॉफ्टवेअर जागा वाचवण्यासाठी चालू रेकॉर्डिंगच एमपी४ मध्ये बदलत जातात. विजेचा भरवसा असलेल्या घरात ते चालून जाईल. भंडाऱ्यात आधी टीएस मध्ये उतरवावे आणि जपण्याजोगे असेल तेवढेच नंतर सावकाश लहान करावे.

पावसाचेही असेच. ११ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी तीन सेंटीमीटरहूनही कमी असते, त्यामुळे पावसाचे टपोरे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. जोराच्या सरीत चित्राचे चौकोन पडतात ते त्यामुळे. टीएस फाइलमध्ये तेवढा भाग खराब होतो आणि पुढचे रेकॉर्डिंग सुरूच राहते. टीव्हीहेडएंडसारखे सॉफ्टवेअर अशा चुका मोजून दाखवते. सकाळी यादी पाहिली की रात्रीचे रेकॉर्डिंग ठीक झाले का, ते फाइल न उघडताही समजते.

मग कोणते घ्यावे?

विंडोज असलेल्या घरातल्या संगणकासाठी नेक्स्टपीव्हीआर हा मोफत पर्याय बहुतेकांना पुरतो. मीडियापोर्टल हाही मोफत आणि खुल्या स्रोताचा आहे. दिसायला तो देखणा असला, तरी त्याची मांडणी करायला वेळ लागतो. डीव्हीबीव्ह्यूअर हे जर्मनीत तयार झालेले सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते. तिन्ही टीएस मध्ये रेकॉर्ड करतात.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी टीव्हीहेडएंड, मिथटीव्ही आणि व्हीडीआर हे तीन जुनेजाणते पर्याय आहेत. व्हीडीआर २००० च्या आसपासचे, मिथटीव्ही २००२ पासूनचे. टीव्हीहेडएंड हलके आहे. ते रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालते आणि त्याची सगळी मांडणी ब्राउझरमधून करता येते. लिनक्सचा विचार असेल, तर ट्यूनर घेण्याआधी त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे का, हे तपासणे अटळ आहे. ट्यूनर आणून मग ड्रायव्हर शोधणारे बरेचदा तो कपाटात ठेवून देतात.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. कोडी हे पाहण्याचे सॉफ्टवेअर फार लोकप्रिय आहे. २०१४ पर्यंत त्याचे नाव एक्सबीएमसी होते. पण कोडी स्वतः टीव्ही रेकॉर्ड करत नाही. त्याच्या मागे टीव्हीहेडएंड किंवा नेक्स्टपीव्हीआरसारखे राबणारे सॉफ्टवेअर लागते. एक रेकॉर्ड करणारा आणि एक दाखवणारा, अशी ही जोडी असते. ज्यांना फक्त कधीतरी पाहायचे आणि एखादे बटण दाबून रेकॉर्ड करायचे आहे, त्यांना व्हीएलसीही पुरेल. मात्र ठरल्या वेळी आपोआप रेकॉर्ड करण्याची सोय त्यात नाही.

या पर्यायांतला आणखी एक फरक चटकन लक्षात येत नाही. मिथटीव्ही फाइलला आकड्यांचे नाव देते आणि कार्यक्रमाचे खरे नाव वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवते. तो डेटाबेस बिघडला, तर शेकडो फाइली शाबूत असूनही कुठल्या फाइलमध्ये काय आहे, ते एकेक उघडून पाहावे लागते. टीव्हीहेडएंड आणि व्हीडीआर कार्यक्रमाचे नाव फाइलला किंवा तिच्या फोल्डरला देतात. घरात संगणकाचे जाणकार एकच असेल आणि ते नोकरी-शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला राहत असेल, तर नावे वाचता येणारे सॉफ्टवेअर निवडणे शहाणपणाचे.

कंपनीने गाशा गुंडाळला तर

सॉफ्टवेअर किती दिवस टिकेल, हा प्रश्न निवडीच्या वेळी क्वचितच कुणी विचारते. मायक्रोसॉफ्टचे विंडोज मीडिया सेंटर याचे चांगले उदाहरण आहे. २००२ मध्ये ते आले, विंडोज ७ सोबत ते जगभर कोट्यवधी संगणकांवर पोहोचले, आणि २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा ते काढून टाकण्यात आले. त्याचे रेकॉर्डिंग ‘डब्ल्यूटीव्ही’ या स्वतःच्याच प्रकारात होत असे. साध्या फाइली इतर साधनांनी उघडता आल्या, पण ज्या कार्यक्रमांवर नकलेला बंदीची खूण होती, ते रेकॉर्ड झालेल्या संगणकापुरतेच बांधलेले होते. संगणक गेला की तेही गेले.

म्हणून सॉफ्टवेअर पारखताना त्याच्या पडद्याची झळाळी नंतर पाहावी आणि ते मागे काय ठेवते, ते आधी. टीएस हा प्रकार कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. आज नेक्स्टपीव्हीआरने केलेले रेकॉर्डिंग उद्या ते सॉफ्टवेअर नाहीसे झाले, तरी व्हीएलसीत किंवा दुसऱ्या कशातही चालते. सॉफ्टवेअर बदलत राहील. मुलाच्या शाळेचा धडा किंवा आजोबांना आवडलेला कार्यक्रम मात्र उघडता आला पाहिजे.

जागा, घड्याळ आणि वीजबिल

साध्या दर्जाच्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला अडीच मेगाबिट धरला, तर तासाला सव्वा जीबीच्या आत जागा लागते. ५०० जीबीच्या डिस्कवर असे ४०० तास सहज मावतात. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावायचे असेल, तर जुन्या फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, हे लक्षात ठेवावे.

जुन्या संगणकाचा दुसरा दोष म्हणजे घड्याळ. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला, की वीज गेल्यावर तारीख कुठल्या कुठे जाते आणि ठरवलेले रेकॉर्डिंग होत नाही. सेल किरकोळ किमतीत बदलून मिळतो. सिग्नलसोबत येणारे कार्यक्रमपत्रक नेहमी पूर्ण असेलच असे नाही. अशा वेळी वाहिनी आणि वेळ हाताने नोंदवावी. कार्यक्रम नेमक्या वेळी सुरू होतीलच असेही नाही, म्हणून सुरुवातीला पाच आणि शेवटी दहा मिनिटे जास्त ठेवावीत.

वीजबिलाचे गणितही करून पाहावे. ६० वॅटचा संगणक दिवसरात्र चालू ठेवला, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. ५ वॅटचा छोटा संगणक तेवढ्याच वेळात चार युनिटही खात नाही. मोठाच संगणक वापरायचा असेल, तर सॉफ्टवेअर त्याला झोपेतून ठरल्या वेळी उठवते का, ते पाहावे. बॅटरी शाबूत असलेला जुना लॅपटॉप या कामाला फार सोयीचा. वीज गेली तरी तो बंद पडत नाही आणि फाइल नीट मिटवतो. ट्यूनरचा अ‍ॅडॉप्टरही इन्व्हर्टरवर असेल, तर रेकॉर्डिंग खंडित होत नाही.

वीज कडाडताना आणि झोपेच्या वेळी

छत्री घरावर उघड्यावर उभी असते आणि तिची वायर थेट संगणकापर्यंत येते. जवळपास वीज पडली, तर त्या वायरीतून आलेला विद्युतदाब ट्यूनर, संगणक आणि त्याला हात लावणारा माणूस, तिघांनाही धोक्याचा. छत्रीच्या खांबाला अर्थिंग करून घ्यावे. आभाळ गडगडू लागण्याआधीच वायर आणि प्लग काढून ठेवावेत. कडकडाट सुरू झाल्यावर वायरीला हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप जवळपासच्या विजांची आगाऊ सूचना देते. एखादा कार्यक्रम हुकला तर हुकला, जीव महत्त्वाचा.

रेकॉर्डिंगचा एक लाभ आरोग्याचाही आहे. रात्री उशिराचा कार्यक्रम जागून पाहावा लागत नाही, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहता येतो. उलट, साठा हाताशी असला की एकामागून एक भाग पाहण्याचा मोहही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा. कमी असेल तितका बरा. कार्यक्रम रेकॉर्ड केलेला असला, की तो थांबवून ‘उरलेला उद्या’ असे सांगणे पालकांना सोपे जाते.

कायद्याची चौकट

स्वतःच्या खासगी उपयोगासाठी प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग करायला कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३९ मध्ये सवलत आहे. शिक्षण आणि संशोधन यांसाठीही ती आहे. मात्र तेच रेकॉर्डिंग इंटरनेटवर चढवणे, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात वाटणे किंवा चौकात पडदा लावून दाखवणे खासगी उपयोगात बसत नाही. सांकेतिक कुलूप फोडून देणारी साधने बाजारात कोणी विकत असेल, तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. २०१२ च्या दुरुस्तीने असे कुलूप तोडणे शिक्षेस पात्र ठरवले आहे.

पारख कशी करावी?

पसंत पडलेले सॉफ्टवेअर आधी तीन कसोट्यांवर तपासावे. पहिली, दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग सुरू करून पाचव्या मिनिटाला सॉफ्टवेअर जबरदस्तीने बंद करावे आणि उरलेली फाइल उघडते का, ते पाहावे. दुसरी, ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन, ते सॉफ्टवेअर नसलेल्या दुसऱ्या संगणकावर व्हीएलसीत लावून पाहावी. तिसरी, रात्रीची वेळ नोंदवून संगणकाला झोपवावे आणि सकाळी रेकॉर्डिंग झाले का, ते बघावे. तिन्ही जमले, तर बाकीच्या सोयी आवडीनुसार निवडाव्यात. एखादे जमले नाही, तर कितीही देखणे असले तरी दुसरे सॉफ्टवेअर पाहावे. यातले बहुतेक पर्याय मोफत असल्यामुळे या शोधात पैसे जात नाहीत, एखादी सुटीची दुपार तेवढी जाते.